तुझ्या पोटरीचं कारण

प्रिय आई,

उद्या सकाळच्या छोट्या गाडीने मी मावशीला वर्ध्याच्या दवाखान्यात नेते आहे. तुझं झालं तेच ऑपरेशन. अंग बाहेर येण्याचं दुखणं तिनेही तुझ्यासारखंच वर्षानुवर्षं लपवलं. बहिणी शोभता! तिला न्यायचं ठरवायच्या आधी मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं. ते तुला कळवायचं राहिलं होतं.

शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय विचारलंस, आठवतं? "काऊन वं, कापलं तिकडं अन् पोटरी काऊन दुखून राह्यली?"

मावशी म्हणाली, "डाक्टर रस्ता चुकला असन, बाई!" कण्हता कण्हता तूही हसलीस.

कापूस वेचून पाय भरून आले की आपल्याकडच्या बाया लुगड्याची चिंधी पोटरीला बांधतात. तू मावशीकडून तशीच बांधून घेतलीस. "अजून आवय, घट्ट कर, सैल काऊन बांधलं?" शेतात त्याने बरं वाटतं, मग इथे का वाटू नये?

सकाळी डॉक्टरांनी चिंधी कापली तेव्हा पोटरी लाकडासारखी टणक झाली होती आणि अंगठा हलत नव्हता. त्यांनी लगेच पोटरी उभी चिरली. पाय वाचला, पण पाऊल कायमचं लोंबतं राहिलं.

गावात तू सांगितलंस, गाडीवरून पडले. का गं? बायांना काय ते कळलंच होतं. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं, त्या ऑपरेशनने पाय जातो. पुढे तू तापाने गेलीस, पण ती भीती राहिली. मावशी तर ऐकेचना. "तुह्या मायचा गेला, माहा बी जाईन."

म्हणून मी एकटी त्या डॉक्टरांकडे गेले. मी, आणि प्रश्न विचारायला! ते म्हणाले, ऑपरेशनभर तुझे दोन्ही पाय वर उचलून अडकवले होते. फार वेळ लागला. तेवढा वेळ पायांत रक्त कमी पोचलं, आणि पाय खाली घेतल्यावर ते जोराने आलं. मांस सुजलं. पण मांसाभोवती एक चिवट पडदा असतो म्हणे, तो ताणतच नाही. आत जागा कुठली! पोत्यात कापूस तुडवून भरावा तसं झालं, म्हणून तो पडदा चिरावा लागला. किती विचित्र ना, आई? आपल्याच पायात आपल्याला जागा नाही.

"चिंधीमुळे झालं का?" मी विचारलं.

"नाही. आधीच सुरू झालं होतं. चिंधीने वाढलं. दुखतं म्हणाल्या तेव्हाच आम्ही पाय पाहायला हवा होता." त्यांना तेव्हा हे माहीत होतं, की तुझ्यामुळे कळलं? ते विचारायचं मात्र मला धाडस झालं नाही.

मावशीला मी सगळं सांगितलं. चिंधीचंही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग चाल. पण माह्या पायापाशी तूच बसजो."

मीच बसेन. ती शुद्धीवर आली की पोटऱ्या चाचपून पाहीन, अंगठे हलवायला लावीन. दुखतं म्हणाली तर कुणाला बांधू देणार नाही, चोळू देणार नाही, आधी डॉक्टरांना बोलावीन. माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही म्हणून तू चिडायचीस ना? तिथे कुणी आलं नाही, तर अख्खा वॉर्ड उठून बसेल इतकी ओरडेन.

तुझी,
कुसुम