टपावरचा एकच दिवा

४ मार्च

साहेब हसले नाहीत!

कागद एकदा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत?" म्हटलं, "हो, मीच. सुट्टीच्या दिवशी." "एकच दिवा?" "एकच." "आणि बाकीचे दोन?" "काढून टाकायचे!"

उठून खिडकीशी गेले. खाली तपासणीला आलेल्या टॅक्सींची रांग होती, प्रत्येकीच्या टपावर तीन-तीन दिवे, वर रणरणतं ऊन. मी म्हटलं, "साहेब, यातली रिकामी कुठली ते सांगा बघू." किती वेळ बघत राहिले. टॅक्सी खात्याचे मुख्य तपासनीस — आणि सांगता येईना!

सव्वीस वर्षं या शेडमध्ये वायरी जोडतेय. सगळे फ्यूजबाई म्हणतात. बल्ब गेला की हाक मारतात, काही विचारायला मात्र कुणी हाक मारत नाही. आज पहिल्यांदा माझा कागद वरच्या मजल्यावर गेला. येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. या वयात!

६ मार्च

समितीसमोर त-त-प-प व्हायला नको म्हणून इथे मांडून बघते.

आजची पद्धत — मधला दिवा लागला, गाडी रिकामी. मधला विझला, आत भाडं बसलंय. मधला विझलेला आणि बाजूचे दोन लागलेले, चालकाची सुट्टी. तिन्ही लागलेले, चालक घरी निघालाय, वाटेवरचं असेल तर नेईल. हे पाठ करायला शाळा काढावी लागेल. शिवाय उन्हात लागलेला आणि विझलेला सारखाच दिसतो, कारण तीन दिव्यांना मिळून एकाच दिव्याइतका करंट. हे मला ठाऊक, कारण मीच जोडते.

माझी पद्धत — लागला, या. विझला, दुसरी बघा. एकच दिवा, पण असा लख्ख की भर दुपारी दिसावा. वायर थेट मीटरला. मीटर टाकला की विझेल, मीटर उठवला की लागेल. चालकाच्या हाताशी स्विच नाही.

खरी मेख तिथेच आहे. स्विच नाही.

८ मार्च

ह्यांना सांगितलं. सांगणं भागच होतं, टॅक्सीवाल्याच्या बायकोने टॅक्सीचा कायदा बदलायचा आणि घरात पत्ता नाही असं कसं चालेल!

हे जेवत होते. हात थांबला. "म्हणजे बाजूचे दिवे जाणार?" "जाणार." "मग नाही कसं म्हणायचं?" "नाही म्हणायचंच नाही. रिकामी गाडी म्हणजे रिकामी गाडी."

तर झालं सुरू. "घरभेदी! जेवताना ऐकलेल्या गोष्टी सरकारी कागदावर घातल्यास!" घातल्या, खोटं कशाला बोलू. बाजूचे दिवे लावायचे, वेग कमी करायचा, काच उतरवून "कुठं?" म्हणून विचारायचं. सोयीचं असलं तर "बसा". नसलं तर टपाकडे बोट — "दिसत नाही का, सुट्टी आहे." ही युक्ती मला काही शेडमध्ये कुणी शिकवली नाही. तीस वर्षं हे हसत हसत सांगतात आणि मीही हसत आलेय.

पण मागच्या वर्षी दवाखान्याच्या फाटकाशी मावशीला धरून उभी होते तेव्हा नाही हसू आलं. चाळीस मिनिटं. अकरा रिकाम्या गाड्या "सुट्टी"वर. म्हटलं, "ते सगळे तुमचेच भाऊबंद."

मग पाण्याचा पेला फिरवत म्हणाले, "मला फक्त विचारू दे गं, कुठं जायचंय ते. एवढंच."

आवाज चढलेला नव्हता. मला वाटलं, जिंकले मी.

९ मार्च

अबोला. जेवण मात्र दोनदा वाढून घेतलं.

१७ मार्च

आज सरकारी कामावर चौकात उभी! हातात पाटी, कागद, पेन्सिल. लेकीला कॉलेजला सुट्टी, तीही आली. ती एका कोपऱ्यावर, मी समोरच्या.

शंभर लोकांनी टॅक्सीला हात केला. त्यांतल्या त्रेचाळिसांनी भाडं बसलेल्या किंवा सुट्टीवरच्या गाडीला केला. आणि खरोखर रिकाम्या अशा सतरा गाड्या त्यांच्या नाकासमोरून निघून गेल्या! एका आजोबांनी तर पोलिसांच्या गाडीला हात केला. ती थांबली, हे विशेष.

लेक म्हणाली, "आई, एवढं साधं आजवर कुणाला सुचलं कसं नाही?" घरी येईपर्यंत मान ताठ होती ती होतीच.

२५ मार्च

समितीने चार दिवसांपूर्वीच मानलं! पण आधी प्रयोग. वीस गाड्या, दोन महिने. गाड्या मालकांनी आपखुशीने द्यायच्या, महिनाअखेरपर्यंत. वीसला एक जरी कमी पडली तरी प्रयोग रद्द.

युनियनच्या अध्यक्षांनी लगेच फतवा काढला — एकही गाडी द्यायची नाही. "स्विच हा चालकाचा हक्क आहे." काल शेडमध्ये येऊन मला म्हणाले, "वहिनी, नवऱ्याच्या पोटावर पाय देताय." मी म्हटलं, "अध्यक्ष, तुमच्या गाडीचा डावा दिवा गेले चार महिने बंद आहे, त्याचं आधी बघा."

मनातून मात्र घाबरलेय. गाड्या आल्यात फक्त नऊ.

३० मार्च

एकोणीस! गॅरेजवाल्या बाईंनी एकदम सहा दिल्या. हवी फक्त एक. सगळीकडे फोन करून झाले. कुणी उचलत नाही, उचलला तर आवाज येत नाही म्हणतात.

एका गाडीवर अडणार. माझं नशीब.

३१ मार्च

पाच वाजता कचेरी बंद होणार. पावणेपाचला फाटकातून ओळखीचा हॉर्न. हे!

गाडी थेट माझ्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर आणून उभी केली. उतरले, किल्ली पुढे धरली. सगळी शेड बघत होती. "घे. विसावी." एवढंच बोलले, आणि बाकावर जाऊन पेपर वाचत बसले. पेपर उलटा होता की सुलटा तेही मी पाहिलं नाही, डोळे भरले होते.

तिन्ही दिवे मी स्वतः काढले. स्विचची वायर कापताना हात थोडा थबकला, तीस वर्षांत अंगठ्याने त्या बटणावर खळगा पडलाय. मग कापली. नवा दिवा बसवला, मीटर उठवला — लख्ख! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी!

एवढा मोठा माणूस माझ्या घरात राहतो आणि मी त्याला टॉवेल वाळत घातला नाही म्हणून बोलते.

३ एप्रिल

फजिती!

दुपारी जेवायला घरी आलो होतो. दारात बेल. एक गृहस्थ, हातात बॅग. "चला." हे म्हणाले, "कुठं? मी जेवतोय." "खाली तुमच्या गाडीचा दिवा लागलाय. लागला म्हणजे यायचं, असं पेपरात आलंय."

गृहस्थांचं बरोबर होतं! गाडी उभी असली तरी मीटर उठवलेलाच, म्हणजे दिवा चालू. प्रयोगाच्या विसाच्या वीस गाड्या आपापल्या दारात रिकाम्या म्हणून झगमगत उभ्या. एका चालकाला तर आंघोळीतून बाहेर बोलावलं म्हणे.

तीस वर्षं टॅक्सीवाल्याशी संसार केला, आणि टॅक्सीवाला जेवायला घरी येतो हेच विसरले. हे इतके हसले की ठसका लागला. मग त्या गृहस्थांना पाणी दिलं, पाच मिनिटं बसवलं, आणि सोडून आले.

४ एप्रिल

वायर आता किल्लीतून फिरवली. किल्ली काढली की दिवा बंद. सुट्टी हवी असेल तर गाडी बाजूला लावायची, किल्ली काढायची. चालत्या गाडीला सुट्टी नाही. वीस गाड्या एका दिवसात. कंबर गेली. पण चूक माझी, दुरुस्ती माझी.

२२ एप्रिल

हे दमून येतात हल्ली. येतात, हातपाय धुतात, गप्प बसतात. लेक म्हणाली, "बाबांचं काय बिनसलंय?" म्हटलं, "स्विच गेल्याचं दुःख, दुसरं काय. होईल सवय."

जेवताना आज मला रस्ते विचारत होते. "स्टेशनवरून कोर्टाकडे कशी जाशील? आणि नव्या पुलावरून बाजारात?" माझी परीक्षा घेतायत! मी फटाफट सांगितलं. प्रत्येक वळण दोनदा म्हणायला लावलं, आणि म्हणाले, "शाबास."

१९ मे

पुन्हा चौक, पुन्हा पाटी. या वेळी फक्त आमच्या वीस गाड्यांवर नजर. शंभरांत चुकीचे हात सहा! सहा! पेन्सिल कानामागे ठेवून मी चौकातच टाळी वाजवली. हवालदार बघायला लागला.

एक बाई, कडेवर मूल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. हात करायला हातच मोकळा नाही. तिने नुसतं दिव्याकडे पाहिलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. गाडी थांबली. बसली, गेली. कुणी "कुठं?" विचारलं नाही.

मी केलंय ते. या हातांनी.

५ जून

सुनावणी. सभागृह भरलेलं. मला वाटलं होतं बोबडी वळेल — नाही वळली! आकडे सांगितले, वायर दाखवली, किल्लीची फजितीही सांगितली. हसले सगळे.

मग अध्यक्ष उठले. हक्क, पोट, परंपरा. टाळ्याही पडल्या. आणि म्हणाले, "एक तरी चालक सांगू दे, की त्याला हे हवंय."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. हे उभे राहिले. घरातून निघताना येणार म्हणून एका शब्दाने बोलले नव्हते.

म्हणाले, "तीस वर्षं मी बाजूचे दिवे लावून लोकांना नाही म्हणत आलो. सोपं असतं ते. दोन महिने झाले, मला नाही म्हणता येत नाही. अवघड जातं. फार अवघड जातं. पण रस्त्यात उभ्या माणसाने माझ्या अडचणीसाठी का उभं राहायचं? दिवा एकच ठेवा." आणि बसले.

समितीचं मतदान झालं. सात विरुद्ध दोन — मंजूर! एक तारखेपासून शहरातल्या प्रत्येक टॅक्सीवर.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ही कल्पना आमच्या वायरमन बाईंची." फ्यूजबाई नाही म्हणाले. घरी येताना मी ह्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले होते. किती वर्षांनी! मी बोलतच होते, हे ऐकत होते. बोलण्याच्या नादात आम्ही आमची गल्ली सोडून दोन चौक पुढे गेलो, तेही मला घर दिसेना तेव्हा कळलं. इतकी खूश मी लग्नातही नव्हते. लिहून ठेवते, वाचणार थोडंच आहे कुणी.

९ जून

साहेबांनी आज तीन चिठ्ठ्या हातात दिल्या. प्रवाशांनी प्रयोगातल्या गाड्यांत लिहून टाकलेल्या. "दिव्याबद्दल नव्हत्या, म्हणून अहवालात घेतल्या नाहीत. तुम्ही घरी वाचा," म्हणाले. वर बघितलं नाही.

तिन्ही गाडी क्रमांक वीसच्या. "चालक सभ्य, पण कोर्टात जायला सव्वा तास. वळण मलाच विचारत होते." "जिथे बसलो तिथेच परत आणून सोडलं आणि कुठं जायचंय म्हणून विचारलं." "पैसे घेतले नाहीत. माणूस फार चांगला. घरच्यांनी तब्येत दाखवावी."

ह्यांच्यासमोर ठेवल्या. वाचल्या, नीट घडी केली. "दीड वर्ष झालं," म्हणाले. "रस्ते जातात डोक्यातून. आधी विचारून घ्यायचो, रस्ता आठवत असेल तेवढंच भाडं घ्यायचो. बाजूचे दिवे होते म्हणून निभत होतं."

मी किल्ली मागितली. लगेच दिली. म्हटलं, "अहो, हे सगळं ठाऊक होतं, मग गाडी का दिलीत?"

"तुझं एका गाडीवर अडलं होतं ना," म्हणाले.