पारण्याआधीचा ताप

४ ऑगस्ट
आले एकदाची! शिरपूरहून वर येताना जीप दोनदा बंद पडली, पण दोन्ही वेळा समोर सातपुडा इतका हिरवागार होता की ड्रायव्हरवर चिडायचं राहूनच गेलं. आरोग्य केंद्र छान आहे, मागे माझं क्वार्टर. खिडकीची जाळी तेवढी फाटकी आहे. सिस्टर कुंदाबाईंनी आल्या आल्या पिठलं-भाकरी पुढे केली. आम्ही जैन, लसूण चालत नाही म्हटल्यावर त्या अशा बघायला लागल्या की जणू मी हवाच वर्ज्य केलीय. दुसऱ्या डॉक्टरचं पद रिकामं आहे, म्हणजे सगळा कारभार माझाच. जळगावला मम्मीला फोन करून सांगितलं, तुझी विधी आता साहेब झाली.

११ ऑगस्ट
आज वना नावाच्या पेशंटने घाम फोडला. खुरपणीला जाणारा धडधाकट गडी, घरच्यांनी आणला तेव्हा दातखीळ बसलेली. तपासणीच्या किटवर फॅल्सिपेरम मलेरिया. साधा मलेरिया थंडी वाजवून जातो. हा मात्र मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजवतो, लघवी काळी करतो आणि रक्तातली साखर संपवतो. त्यात घरच्यांनी तापात पोट रिकामं बरं म्हणून त्याला उपाशी ठेवलेलं! मी त्यांना चांगलंच झापलं. मध्येच शुद्ध आली की वना पायांकडे बघून एकच विचारायचा, ‘मना पायजोडे कोन बसेल शे?’ पायाशी कोणीच बसलेलं नव्हतं. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि तो म्हणाला, बाई गेली. कुंदाबाई हळूच म्हणाल्या की या तापात ती बऱ्याच जणांना दिसते. मी म्हटलं, मग ती साखरेला घाबरते एवढं लक्षात ठेवा. दोघी हसलो. मलेरियावरची आर्टेसुनेटची इंजेक्शनं चालू केलीत.

१५ ऑगस्ट
वना चालत घरी गेला. मला मात्र झेंडावंदनाला उभं राहवेना. ओपीडी संपतच नाही. लॅबचा भूपेंद्र दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकलेला असतो, त्याचीही पाठ गेलीय. पाय दुखतात, आणि कधी कधी वाटतं की आपण एकाला उठवतो तोवर दोन आडवे होतात.

२० ऑगस्ट
आजपासून पर्युषण. मी अठाई धरली, म्हणजे आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेतो. पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन नीट झालं तर करीन असं मी बोलले होते, आणि पप्पा आज दुकानात जाऊन बसलेत. मम्मी फोनवर म्हणाली, तू दवाखान्यात राबतेस, देव समजून घेईल. पण शब्द मी दिलाय, मम्मीने नाही. कुंदाबाईंनी कपाळावर हात मारला.

२२ ऑगस्ट
पोळा. गावभर पुरणाचा वास, आणि मी पाण्यावर! दुपारी हुडहुडी भरली, डोकं ठणकतंय. उपवासाचा तिसरा दिवस जड जातोच, आमच्या घरात पोरांनाही ठाऊक आहे. भूपेंद्र सणाला गावी गेलाय.

२४ ऑगस्ट
ताप आहे. कुंदाबाई किट घेऊन आल्या, मी बोट पुढे केलं नाही. किटवर दोन रेघा उमटल्या तर गोळ्या घ्याव्या लागतील, आणि गोळी घेतली की अठाई मोडली. उद्याचा एक दिवस, परवाचा एक, तेरवाचा एक. मग पारणं, मग किट. दुसरं कोणी असं वागलं असतं तर मी त्याचा कान धरला असता, हे मला कळतंय. पण कळून उपयोग काय? इतकी दमलेय की वाद घालायचंही त्राण नाही.

२५ ऑगस्ट
ताप उतरला! अंग हलकं हलकं. कुंदाबाई मुगाचं पाणी घेऊन दारात उभ्या. ‘म्याडम, दोन घोट पी ल्या वं,’ म्हणत रडायलाच लागल्या. मला त्यांची दया आली, पण कडी लावून घेतली. मम्मीला फोन करायचा होता, नंबर आठवेना.

लघवी चहासारखी. पाणी कमी पडलं असेल.

२६ ऑगस्ट, सकाळ
आरशात डोळे पिवळे — की उजेडच पिवळा? लिहिताना ओळ खाली घसरते. ओपीडीला जायचंय. कपडे घातले आणि परत पलंगावर होते.

पायाशी कोणीतरी बसलंय.

मला माहीत आहे हे काय असतं. साखर उतरलीय. नुसती साखर. कपाटात ग्लुकोजचा पुडा आहे, दोन पावलं — उठते.

नाही उठवत.

दुपार
ती बाई चांगली आहे. पाय चेपते. मम्मीच्या आवाजात बोलते. म्हणते, एवढं केलंस, आता का मोडतेस. मला भीती वाटते. खूप भीती वाटते, मम्मी, मला घरी यायचंय —

हे कुणी लिहिलं? अक्षर माझं —

पप्पा दुकानात बसलेत. पप्पा बरे आहेत. मी —

दार वाजतंय. कुंदाबाई. भूपेंद्रही आलाय, दार मोडू का विचारतोय. इंजेक्शन भरून ठेवलंय म्हणतात, ग्लुकोज आणलंय, नुसती कडी काढा, म्याडम, हात लांबवा, कडी —

दार पलंगाला लागूनच आहे. हात पोचतो.

पण कुंदाबाई तर आत आहेत. माझ्या पायाशी बसल्यात. तीच साडी. हात थंडगार. हळू बोलतात, ‘बाहेरनी बाई खरी नही शे.’ माझा हात धरून ठेवलाय. आता पेनही मागतायत —