जोहे गटाचं एकसारखं अक्षर

१५ जून २०२०, सोमवार. सकाळी ७.
वादळानंतर अकरा दिवसांनी काल आमच्या आळीत लाइट आली. शुभशकुन. आजपासून शाळा ऑनलाइन. पेण तालुक्यात गणित ऑनलाइन शिकवावं तर ते कमळाकरसरांनीच, असं लोक म्हणतील. अजून कोणी म्हटलेलं नाही. ग्रुप काढला: 'गणित गरुडझेप'. नववी ब मध्ये मुलं एकेचाळीस, ग्रुपवर एकोणीस. बाकीची येतीलच.
संकल्प: रोज एक व्हिडिओ. वीस मिनिटांच्या आत.

१६ जून.
पहिला व्हिडिओ चौतीस मिनिटांचा झाला. पैकी सव्वीस मिनिटं प्रस्तावना. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. मृणालीने मध्येच येऊन डबा मागितला. तेही रेकॉर्ड झालं. ते ठेवलं, जिवंतपणा येतो. ती म्हणाली, पोरांचा दिवसाचा नेट यातच संपेल. बायको खांब गावची. तिला ग्रामीण भागाची फारच काळजी.

२२ जून.
पाच व्हिडिओ झाले. एकाही विद्यार्थ्याची शंका नाही. म्हणजे सगळं समजलं. हेडसरांना रोह्याला फोन करून कळवलं: शंका शून्य. ते म्हणाले, वा. नंतर बराच वेळ बोलले नाहीत. भारावले असावेत. किंवा रेंज.

२५ जून.
'करणी' हा धडा सुरू. वर्गमूळ चिन्हातली संख्या, सोपा भाग. दुपारी जोहे गावाहून एका आजीबाईंचा फोन. नाव काशीबाई. शाळेत पोरांना करणी शिकवता, लाज नाय वाटत, म्हणाल्या. ही गणितातली करणी, म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, उतरवायची पन शिकवताव का? फोन ठेवला. पालकांचा सहभाग वाढतोय.

२९ जून.
पहिली शंका आली! जोह्याची भाविका मोकल. आईच्या मोबाइलवरून. 'सर √२ गुणिले √३ म्हणजे √६ मग √२ अधिक √३ म्हणजे √५ का नाय.' चांगली शंका. उत्तर सविस्तर द्यायला हवं. तूर्त अंगठा पाठवला.

१ जुलै.
ग्रुपवर सुप्रभात, फुलं, काढ्याची कृती. शिस्त हवी. ग्रुप 'फक्त अॅडमिन' केला. आता कोणी बोलू शकत नाही. वातावरण एकदम अभ्यासाचं झालं.

१३ जुलै.
गृहपाठाचे फोटो तपासले. जोह्याच्या सात जणांचे फोटो भाविकाच्या आईच्या नंबरवरून. गटाने आपणहून गटप्रमुख नेमलेला दिसतो! आणि सातही जणांचं अक्षर अगदी एकसारखं, वळणदार. उत्तरंही सारखी. सहाव्या गणितातली चूकसुद्धा सारखी. एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिकल्याचा परिणाम. मृणालीला दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. अभिमान असेल.

२८ जुलै.
ता. ८ ऑगस्टला तालुक्याचा वेबिनार. विषय: 'ऑनलाइन शिक्षण: माझे यशस्वी प्रयोग'. वक्त्यांत मी! वीस मिनिटं. जोहे गटाचा व्हिडिओ काढून दाखवणार. मुलं मोबाइलभोवती बसून माझा धडा बघतायत, असं दृश्य.

६ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी.
स्कूटरवरून जोह्याला जाऊन आलो. रेनकोटमधून पाणी आत.
गणपती पंधरा दिवसांवर, त्यामुळे भाविकाच्या घरच्या कारखान्यात रंगकामाची घाई. शेडमध्ये मूर्तींच्या रांगा, आणि मूर्तींच्या मधे बसून माझे सातही विद्यार्थी पीतांबर रंगवतायत. मला मास्कमुळे कोणी ओळखलं नाही. फोनवाल्या काशीबाई (भाविकाची आजी निघाल्या) म्हणाल्या, मूर्ती बुक झाल्यात सगल्या, उशीर केलाव.
ओळख दिली. मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, माझा कोणता व्हिडिओ सर्वांत आवडला?
सगळे पीतांबर रंगवत राहिले.
शेवटी भाविका म्हणाली, "एक पन बघितला नाय सर. रेंज फक्त माल्यावर येते, ती पन एक दांडी. व्हिडिओ गोल गोल फिरतो नुसता."
मग गृहपाठ? पुस्तक हाय ना, म्हणाली. ती वाचते, या सगळ्यांना समजावते. त्यांचे हात रंगाचे, म्हणून ते तोंडाने उत्तर सांगतात आणि ती लिहिते. सात वह्या. सहावं गणित तिलाच नीट जमलं नव्हतं.
मागच्या भिंतीवर, गणपतींच्या पाठीमागे, खडूने गणितं. कोपऱ्यात √२ + √३ आणि भलंमोठं प्रश्नचिन्ह. सव्वा महिना ते तसंच होतं. रेकॉर्डिंग बंद केलं.
तिथेच उभं राहून समजावलं. पंचवीस मिनिटं, सिद्धतेसकट. संपल्यावर सातांतल्या साईराजने भाविकाला हळूच विचारलं, "सर काय बोलले गो?"
ती म्हणाली, "नवाचं मूळ तीन, सोलाचं चार. मिलून सात. आता नव नि सोला आधी मिलव, पंचवीस. त्याचं मूळ पाच. सात नि पाच सारखे हायत? नाय ना? मग मुळांची बेरीज अशी होत नाय."
हे मला सुचलं नव्हतं. म्हणजे सुचलं असतं.
निघताना तिची आई सगुणाबाई म्हणाल्या, गणपती झालं की हिचं नाव पटावरून काढा सर, शाळा मोबाइलमध्येच असेल तर पोर कारखान्यात बरी. भाविका एकाच मूर्तीवर दोनदा रंग देत होती.

७ ऑगस्ट.
हेडसरांना फोन केला. उद्या मी बोलणार नाही, यशस्वी प्रयोग सापडला नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, वक्ते जास्त झाले म्हणून तुमचं नाव सोमवारीच काढलं होतं, कळवायचं राहिलं.

९ ऑगस्ट, रविवार.
सगुणाबाईंना पटवण्यासाठी चौदा मुद्दे काढले. आरशासमोर दोनदा म्हटले. दुसऱ्या वेळी मृणाली रडली. कांदा चिरत होती, पण तरी.

१० ऑगस्ट, सोमवार.
पुन्हा जोहे. दुसऱ्या मुद्द्यावरच सगुणाबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "राहूदे सर. काल सगल्या आया आल्या व्हत्या भांडायला. हिनं शाला सोडली तर आमची पोरं कोनाकडं शिकतील, बोलल्या. जाईल ती शालेत."
बारा मुद्दे शिल्लक राहिले.
भाविकाला बाजूला घेऊन विचारलं, माझ्याकडून काही मदत? कोणताही धडा सांग, येऊन शिकवतो. तिने बराच विचार केला. तिला मला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं.
मग म्हणाली, सर, भिंत ओली होते, खडू उठत नाय. एक फळा मिलेल?
हेडसरांनी शाळेतला जुना फळा न्यायला परवानगी दिली. उद्या सकाळी स्कूटरवरून नेणे. मृणाली मागे बसून धरणार आहे. प्लॅस्टिक गुंडाळणे. फळ्यावर आधीच थोडं काही लिहून न्यावं का, असं तिला विचारलं.
कोराच न्यायचा, म्हणाली.