विहिरीखालचं रान आणि कमलचं माहेर

मी, रेवणप्पा शरणबसप्पा बिराजदार, वय पंचावन्न, धंदा पूर्वी साखर कारखान्यात पॅनमन, हल्ली घरी बसून पाय सांभाळणे, राहणार माकणी, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. त्यावरून माझी बुद्धी कमी झाली असं कुणी समजू नये. डोकं ठिकाणावर आहे. नशापाणी केलेलं नाही. कुणी धाक घातलेला नाही, उलट जिला द्यायचं आहे ती माझी थोरली बहीण पुतळाबाई, जिला मी अक्का म्हणतो, समोर जात्यावर बसून सकाळपासून एकच म्हणते आहे, "नगं लिहूस, रेवण. म्या घेणार न्हाय." तरी लिहितो. तिला जमीन द्यायची एवढ्यासाठीच हा कागद केला आहे, बाकीची कलमं सोबत आली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केनियातल्या कारखान्यानं नोकरीवर घेताना एक छापील कागद भरून घेतला होता, तो रद्द समजावा.

कलम १. देहाविषयी. आमच्यात माती देतात. मला विहिरीच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली माती द्यावी. उजव्या पायाची दोन बोटं सोलापूरच्या दवाखान्यात राहिली, ती शोधत बसू नये. माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत दुधाच्या पावडरीचा डबा आहे. त्यात माझी बायको लक्ष्मीबाई हिच्या थडग्यावरची माती आहे. ती १९८३ साली केनियातच तापानं वारली. दर करार संपला की ती म्हणायची, "आता चला की हो गावाकडं." मी म्हणायचो, आणखी एक करार. विहीर बांधून होऊ दे, मुलाचं, मल्लिनाथचं, शिक्षण होऊ दे. विहीर बांधून झाली, शिक्षण झालं, आणि ती त्या लाल मातीत राहिली. याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे लिहायला दुसरा कागद नाही म्हणून इथं लिहितो. तो डबा माझ्या उशाशी ठेवावा.

कलम २. दवाखान्याच्या व घरातल्या वस्तू. साखरेचा आजार मला तिकडं गेल्यावर तिसऱ्याच वर्षी कळला. कंपनीच्या डॉक्टरला कळू दिला नाही, नाहीतर घरी पाठवलं असतं. गोळ्या बाजारातून घ्यायचो आणि चारचौघांत चहा मात्र गोड प्यायचो, संशय नको म्हणून. जन्मभर साखर शिजवली आणि साखरच झाली, असं उमरग्याचे डॉक्टर हसून म्हणतात. हसू दे, माणूस चांगला आहे. माझी उरलेली सुई-औषधं त्यांना परत द्यावीत, एखाद्या गरिबाला होतील.

बोटीनं आणलेला फ्रीज अक्काचा. माकणीच्या विजेला तो काही मानवला नाही. अक्का त्यात तूरडाळ ठेवते, उंदीर लागत नाहीत म्हणते. माझं इन्सुलिन ती माठाला ओलं फडकं गुंडाळून आत ठेवते, आणि ते चांगलं राहतं. पॅन म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरतात ती बंद कढई; त्यातून नमुना काढायची माझी पितळी दांडी होती, ढोकीच्या कारखान्यापासून केनियापर्यंत माझ्या हातात होती. ती अक्कानं मागच्या दाराला अडसर म्हणून लावली आहे. ती तिथंच राहू द्यावी.

कलम ३. पैशाची गुंतवणूक. पोस्टातली सर्टिफिकिटं आणि उमरग्याच्या बँकेतली ठेव माझा मुलगा मल्लिनाथ याला. तो पिंपरीला नोकरीस असतो. वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हिस्सा मी दोन वर्षांमागं वाटणी करून दिला. त्यानं तो विकला आणि तिकडं फ्लॅट घेतला. त्याला दोष देत नाही. मी तिकडं असताना तो अक्काजवळ वाढला, तिच्या हातच्या भाकरीवर शिकला, हे त्यानं विसरू नये एवढंच.

कोंबडीपालन सहकारी सोसायटीचा शेअरही मल्लिनाथलाच. त्या वेळी जो तो सोसायटी काढत होता. माझा चुलतभाऊ हणमंतप्पा चेअरमन झाला आणि मला कळवलं, शेअर घे, अंडी थेट मुंबईला जातील. एका मे महिन्यात वीज गेली, पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या तापून मेल्या, आणि सोसायटी तिथंच संपली. पण वार्षिक सभेची नोटीस मला केनियात दर साली यायची, सभा होऊन गेल्यावर. सर्टिफिकीट बघायला छान आहे, वर कोंबडा छापला आहे.

नदीकाठचं रानही मी हणमंतप्पाच्याच भरवशावर घेतलं. "काळं, लोण्यावाणी हाय," म्हणाला. ते धरणात गेलं. धरणाच्या खुणेचे दगड त्या रानात आधीच रोवले होते. त्याला इथं राहून दिसले नाहीत, मला समुद्रापलीकडून काय दिसणार? सुट्टीवर आलो की बांधावर उभा राहायचो, फोटो काढायचो आणि परत जायचो. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या रानात मी एकदाही तिफण धरली नाही. मल्लिनाथ, पैसा अशा ठिकाणी घाल, की संध्याकाळी चालत जाऊन बघता येईल.

कलम ४. हे हणमंतप्पाविषयी होतं. लिहून खोडलं. वकील म्हणाले, मृत्युपत्रात शिव्या बसत नाहीत.

कलम ५. टेपरेकॉर्डर व कॅसेटी. अक्काला लिहिता येत नाही, म्हणून पहिल्या सुट्टीत मी टेपरेकॉर्डर आणून दिला. कुणी तिकडं येणारं भेटलं की ती बोलून कॅसेट पाठवायची, मी उलट बोलून पाठवायचो. एका कॅसेटीत ती म्हणाली, "पाणी लई हाय, रेवण, पीकबी झ्याक हाय, तू काळजी करू नगंस." आणि तिच्या बोलण्यामागं बादली खडकावर आपटल्याचा आवाज आला. विहिरीचा तळ लागला होता. मी तो आवाज पुन्हापुन्हा ऐकला आणि उलट कॅसेटीत बोललो, माझी तब्येत एकदम टकाटक आहे. परत आल्यावर अक्का मला म्हणाली, "ती कॅसेट ऐकली तवाच वळखलं. तुज्यामागं कुणीतरी कण्हत हुतं. दवाखान्यात हुतास न्हवं?" होतोच. पायाला जखम होऊन पडलो होतो. इतकी वर्षं आम्ही बहीणभावानं एकमेकांना फसवलं, आणि दोघंही फसलो नाही. कॅसेटी माझी मुलगी कमल हिला द्याव्यात.

कलम ६. विहिरीखालचं तीन एकर रान, विहिरीत आठ आणे हिस्सा, आणि एक दिवसाआड पाण्याची पाळी.

हे रान माझ्या वाटणीचं आहे, पण कसलं अक्कानं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मेहुणे वारले आणि ती माहेरी आली ती इथलीच झाली. १९६९ साली, वडील गेल्यावर, तिनं हक्कसोड लिहून दिली. कचेरीत कागदावर अंगठा दिला, मी साडीचोळी केली, भावकीनं तोंडभरून नाव घेतलं. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात. हिस्सा सोडला की माहेर शाबूत, मागितला की भावाचं दार बंद, असा रिवाज आहे. कागदावर काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही, मीही वाचून दाखवलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी ढोकीला कारखान्यात होतो आणि ती खडी फोडायला जात होती. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून मल्लिनाथसाठी आणायची. पंचाहत्तरला मी केनियाला गेलो, दोन वर्षांनी लक्ष्मीबाई आणि कमल आल्या. त्यानंतर या रानाची पेरणी, खुरपणी, रास, सगळं अक्कानं बघितलं. हणमंतप्पाचा विहिरीत निम्मा हिस्सा आहे. तो आमच्या पाळीला मोटार चालू करायचा, तेव्हा ही विहिरीच्या काठावर जाऊन बसायची आणि उठायची नाही. भांडली नाही, नुसती बसली.

मी परत आल्यावर तिला म्हणालो, रान तुझ्या नावावर करतो. ती भडकली. "इतकी वर्सं ह्या घरात ताठ मानेनं राह्यले ती हिस्सा सोडला म्हनून. आता म्हातारपणी माहेर खाऊ व्हय? लोक शेण घालतील तोंडात." भावकीही तिच्याच बाजूनं बोलली, तिचं भलं बघून नव्हे. माझ्यामागं मल्लिनाथ हेही रान विकेल आणि ते हणमंतप्पाच्या घशात जाईल, हे तिला कळत होतं. तरी नाहीच म्हणाली.

आता कमलविषयी. तिनं केनियातल्या किसुमू शहरच्या एका गुजराती दुकानदाराच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा सालस आहे, मला आवडला. पण हणमंतप्पानं इथं चावडीत सांगितलं, ती पोर आम्हाला मेली, आमच्या दारात पाऊल ठेवू देणार नाही. घराचं पुढलं दार आणि अंगण माझं आणि त्याचं सामाईक आहे. परवाच्या साली माझी बोटं काढल्यावर कमल मला भेटायला आली. सोलापूरहून आणून मला उमरग्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आईविना पोर समुद्र ओलांडून आली आणि गावात न येता उमरग्याला लॉजवर उतरली. अक्का एस.टी.नं भाकरी घेऊन गेली. कमल तिला म्हणाली, "आत्या, सगळ्या बायकांना माहेर असतं. माझं कुठं आहे?" अक्कानं तिला जवळ घेतलं. मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. त्या दिवसाचं दुःख पायाच्या दुखण्यापेक्षा जास्त आहे.

काल येळवस होती. ही अमावास्या आम्ही रानात जेवून साजरी करतो. केनियात होतो तितक्या साऱ्या माझ्या चुकल्या. तिकडं त्या दिवशी लक्ष्मीबाई ताकाची आंबिल करायची आणि ती करता करता रडायची. काल मला बैलगाडीत घालून रानात नेलं. कडबा उभा करून केलेल्या कोपीत पूजा झाली, डाळी-भाज्यांची भज्जी वाढली. अक्कानं एक पान जास्तीचं मांडलं. विचारलं तर म्हणाली, "कमलचं हाय. पोर तिकडं आज काय खात आसंल?"

तेव्हा मला उमगलं ते मी तिथंच बोललो. म्हणालो, अक्का, तू म्हणतेस रान घेतलं तर तुझं माहेर तुटेल. पण मी मेल्यावर तुझं तरी कोणतं माहेर राहणार? आणि तू घेतलं नाहीस तर कमलचं कधी होणारच नाही. बापाच्या माघारी मुलीला ओटी भरायला कुणीतरी घरात लागतं. तिनं आंबिलीचं मडकं झाकून ठेवलं आणि गाडी जुंपायला सांगितली. आज सकाळी पुन्हा "नगं लिहूस" सुरू.

म्हणून या कलमाची भाषा अशी: सदर रान, विहिरीतला हिस्सा व पाळी ही सर्व मिळकत माझ्या पश्चात पुतळाबाई हिच्या पूर्ण मालकीची राहील. ती तिला दान म्हणून, उपकार म्हणून किंवा हक्कसोडीची भरपाई म्हणून दिलेली नाही. माझी मुलगी कमल हिचं माहेर म्हणून तिच्या हवाली केली आहे. जमेल त्या साली कमलनं येळवसेला यावं, नवऱ्याला आणि लेकरांना घेऊन यावं. पुतळाबाईनं तिची ओटी भरावी. जावई वाण्याचा असला तरी जावई आहे, त्याला भज्जी तिखट लागली तर हसू नये. पुतळाबाईच्या पश्चात सर्व कमलचं.

कलम ७. घर. माझ्या वाटणीच्या दोन खोल्या आणि मागचं दार हेही वरच्याच अटीवर पुतळाबाईला. पुढलं दार सामाईक असल्यानं तंटा होईल, तर कमलनं मागच्या दारानं यावं. त्या दाराला माझी पितळी दांडी आहे, ती आतून अक्का काढील.

एवढं लिहून मी सहावं कलम मोठ्यानं वाचलं. जातं थांबलं. अक्का म्हणाली, "कमलचं माहेर म्हनून? पुन्यांदा वाच." पुन्हा वाचलं. तिनं जात्याभोवतीचं पीठ हातानं गोळा केलं. मग म्हणाली, "तसं आसंल तर ऱ्हाऊ दे लिहिल्यालं. माजं तुटलं तर तुटलं."

साक्षीदार आले, तशी ती पिठाचा हात पदराला पुसून पुढं आली आणि सवयीनं अंगठा पुढं केला. मी म्हणालो, अक्का, ह्या कागदाला तुझा अंगठा लागत नाही. जिला मिळायचं तिनं साक्ष घालायची नसते, असं वकील म्हणतात. तिला ते पटेना. अंगठ्याकडं बघत म्हणाली, "अंगठा न देताबी मिळतं व्हय?"

मिळतं, असं मी तिला सांगितलं आणि खाली सही केली.

(सही) रेवणप्पा शरणबसप्पा बिराजदार

आम्ही खालील दोघांनी लिहून देणारास सही करताना समक्ष पाहिलं. ते शुद्धीवर होते व मजकूर त्यांनीच वाचून दाखवला. पुतळाबाई समोर हजर होती. तिचा अंगठा घेतलेला नाही.

साक्षीदार १. (सही) बलभीम गोविंद साठे, शेजारचे शेतकरी, माकणी
साक्षीदार २. (सही) मच्छिंद्र तुळशीराम कांबळे, शिक्षक, माकणी

ठिकाण: माकणी
तारीख: ८ जानेवारी १९८९, येळवसेचा दुसरा दिवस