दहापर्यंत मोजा

३ तारीख, सोमवार.
आजपासून या बालगृहात मुलांवर हात उठणार नाही. अधीक्षकाचा शब्द! काल स्वयंपाकीणबाईंनी एकाला उलथनं फेकून मारलं, पहारेकऱ्याने दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली. स्टाफ मीटिंग घेतली. नवा नियम: राग आला की मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. सांगताना टेबलावर मूठ आपटली, काच फुटली. मुद्दा पोचला.

५, बुधवार. सकाळी ११.
इमारतभर आकडे घुमतायत. पहारेकरी दहापर्यंत मोजतो आणि मग हाणतो. झापलं, तर म्हणे दहानंतर काय करायचं ते साहेबांनी सांगितलंच नव्हतं. मठ्ठ, पण प्रामाणिक. शिवाय मार दहा सेकंद उशिरा बसतो. ही प्रगतीच.

६, गुरुवार.
गणिताच्या बाईंनी फळ्यापाशी एक, दोन म्हणताच अख्खा वर्ग बाकांखाली. बाई रडल्या. मुलांची लपाछपीही बंद पडलीय, राज्य घेऊन मोजायला कोणी तयार नाही. अभ्यासाला वेळ मिळेल.

८, शनिवार.
सोमवारी तपासणी. पास झालो तर हा नियम सगळ्या बालगृहांत, ट्रेनर मी! घरी भाषणाचा सराव केला. मुलगा मधेच हसला, म्हणून चप्पल भिरकावली. लागली नाही. बायको म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिला मॅनेजमेंटमधलं काही कळत नाही.

९, रविवार.
तपासणीसाठी एका मुलीला तयार केलं, सगळे तिला खारूताई म्हणतात. नऊ वर्षांची, चुणचुणीत. एकच वाक्य पाठ करायचं: इथे आम्हाला कोणी मारत नाही. चाळीसदा घोकून घेतलं. शेवटी आवाज बसला पोरीचा. तरी मी शांत. फक्त पट्टी मोडली.

१०, सोमवार. दुपारी ४.
तपासणीच्या बाईंनी माझ्या ऑफिसात खारूताईला विचारलं, इथे मारतात का? ती माझ्याकडे बघून म्हणाली, दहा झाल्यावर.
पुढचं नीट आठवत नाही. तळहात अजून चुरचुरतोय. तिच्या गालावर चार बोटं उमटली, ओठातून रक्त आलं. ती जागची हलली नाही. पहारेकरी धावत आला, त्याने माझे दोन्ही हात मागे धरले आणि नियमाप्रमाणे मोठ्याने मोजायला लागला. एक ऐकताच खारूताई टेबलाखाली शिरली. तपासणीच्या बाई गुडघ्यांवर बसून तिला बाहेर ये म्हणत राहिल्या. मला लाज वाटली. हे पहिल्यांदाच लिहितोय.
दहा झाले. पहारेकऱ्याने माझे हात सोडले नाहीत.