कोरी पानं आणि बायोस

३ मार्च, मंगळवार. सकाळी सात

कॉम्प्युटर पुन्हा अडकला. बायको मधमाशीपालनाच्या पुस्तकाचं भाषांतर करते आहे. तिचं पहिलंच पुस्तक. आज राणीमाशीची दीड पानं गेली. ती उठून भांडी घासायला लागली. भांड्यांचा आवाज मोठा होता. प्रकाशकाने स्पष्ट कळवलंय, वीस तारखेला सगळं हातात हवं, नाहीतर काम दुसऱ्याकडे.

नवा कॉम्प्युटर घेऊ, असं तिचं मत. मी म्हटलं, रोग कळला नाही म्हणून पेशंट बदलत नाहीत. हे वाक्य मला फार आवडलं. तिला कमी.

संकल्प: मशीन मीच दुरुस्त करणार. रविवारपर्यंत. तिचं पुस्तक याच मशीनवर पुरं होईल, असा शब्दही दिला.

५ मार्च, गुरुवार

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. आपला मदरबोर्ड बारा वर्षांचा. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन उठल्याउठल्या सगळ्यांना कामाला लावणाऱ्या प्रोग्राममध्ये, मेमरीचं टायमिंग चुकलंय. मेमरी म्हणते मला नऊ ठोके लागतात. बायोस सातव्या ठोक्यालाच मागायला उभा. आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये मी शिडीवर असतानाच साहेब ‘फाइल मिळाली का’ विचारतात, तसं. मेमरीबद्दल सहानुभूती वाटली.

टायमिंग बदलायचा मेनू कंपनीने लपवून ठेवलाय. तो मोकळा कसा करायचा ते इंटरनेटवर एकाने सविस्तर लिहिलंय. चौदा पानं. प्रिंट काढून बाइंड केली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: नवख्यांनी करू नये. मी नवखा नाही. तेवीस वर्षं फाइलीच हाताळतोय.

८ मार्च, रविवार

आज काम व्हायचं होतं. झालं नाही. घाई माझ्या स्वभावात नाही.

मात्र मूळ बायोसचा बॅकअप घेतला. फोल्डरला नाव, तारीख, सगळं. डेस्कटॉपवरच ठेवला, हाताशी असावा म्हणून.

मशीन कधी मिळेल, असं बायको तीनदा विचारून गेली. दर वेळी दहा मिनिटं सांगितली. चौथ्यांदा आली नाही. समजूतदार आहे. आता वहीत हाताने लिहीत बसली आहे.

११ मार्च, बुधवार

बायोसची फाइल उघडली. मेनू सापडला. एका जागी शून्याचा एक केला, टायमिंगचे आकडे बसवले. इतकं सोपं.

पण पुढे बघतो तर पानंच्या पानं नुसतं ‘एफएफ एफएफ एफएफ’. मजकूर काहीच नाही. ही तर कोरी पानं! बाइंडिंगला जाण्याआधी फाइलीतली कोरी पानं काढायची, हा रेकॉर्ड रूमचा पहिला नियम, आणि तो मी आजवर मोडलेला नाही. सगळी काढली. फाइल एक तृतीयांश हलकी झाली. एवढ्या मोठ्या कंपनीत हे कुणालाच सुचू नये, याचं नवल वाटलं.

बायकोला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, मुद्दाम ठेवली असतील तर? मी हसलो. मधमाश्यांमधलं तिला कळतं, हे मी मान्य करतो.

१२ मार्च, गुरुवार

संध्याकाळी ६.००. नवी फाइल चढवायला घेतली. प्रोग्राम म्हणतो, आकार जुळत नाही. साहजिक आहे. त्याने नीटनेटकी फाइल आधी पाहिलेलीच नसणार. ‘तरीही करा’ असा पर्याय होता. केलं.

६.१०. शंभर टक्के.

६.१२. स्क्रीन काळी. मशीन दम खात असावं.

६.४०. अजून काळी. पंखा मात्र फिरतोय. पंखा फिरतोय म्हणजे धुगधुगी आहे.

७.१५. बॅकअप परत चढवायचं ठरवलं. बॅकअप डेस्कटॉपवर आहे. डेस्कटॉप मशीनमध्ये आहे. थोडा वेळ पलंगावर आडवा झालो.

७.३०. बायको दारात उभी. म्हणाली, “माझं पुस्तक कुठंय?” आत आहे, एकदम सुरक्षित, असं सांगितलं. तिच्याकडे बघवलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

बायकोने सकाळीच मशीन दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेलं. तांत्रिक माहिती द्यायला मीही गेलो. बाईंनी डिस्क काढून पाच मिनिटांत पुस्तक पेन ड्राइव्हवर घालून दिलं. बायको दुकानातूनच परस्पर तिच्या ताईकडे गेली. तिथे डायनिंग टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. साधा आहे.

मी बाईंना कोऱ्या पानांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “काका, ती रिकामी जागा लागते. मधली पानं काढलीत, आता पुढचं काहीच जागेवर नाही.” नंतर शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्यांनी मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. माझ्या पद्धतीत रस वाटला असावा.

१६ मार्च, सोमवार

मशीन आलं. बाईंनी चिपला चिमटा लावून नवा बायोस घातला. आणि तो कुठला? कंपनीनेच काढलेला, शेवटचा, आठ वर्षांपूर्वीचा. त्यात टायमिंग बरोबर आहे. म्हणजे माझं निदान अचूक होतं. कंपनीने ते आठ वर्षं आधीच मान्य केलं होतं.

बायकोला फोन करून कळवलं. बरं झालं म्हणाली. काम ताईकडेच चालू ठेवलं.

२० मार्च, शुक्रवार

पुस्तक वेळेत गेलं. अकरा वाजता तिचा फोन आला. इतक्या खुशीत मी तिला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मलाही फार आनंद झाला. मग आपण दिलेला शब्द आठवला, आणि वाईट वाटलं.

२९ मार्च, रविवार

प्रकाशकाने दुसरं पुस्तकही तिलाच दिलंय. मातीच्या कसाबद्दल आहे. ती रोज दहाला ताईकडे जाते, पाचला येते. आज रविवार, तरी निघाली.

मी सांगितलं की तेरा दिवसांत आपलं मशीन एकदाही अडकलेलं नाही. तिने विचारलं, वापरलं कोणी? कोणीच नाही, असं सांगावं लागलं.

मग खरं ते बोलून टाकलं. म्हटलं, घरी बसत जा ना, मला करमत नाही. ती दारात थांबली. म्हणाली, “अहो, मग तुम्ही या ना तिकडे. फक्त स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून या.”

मला जरा लागलं. मी काय स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊन फिरणारा माणूस आहे? शर्ट बदलताना खिसे पाहिले. दोन निघाले. दोन्ही टेबलावर ठेवले आणि निघालो.