क्विगलीशी बांधलेली जोडी

२ फेब्रुवारी १९०५

क्विगली आडवा झालाय! हॉटेलच्या खोलीत, छातीवर मोहरीचा लेप, उशाशी बहीण जेमायमा. मला बघून म्हणतो, "ये, टॉलिव्हर. मी गेलो तर भांडशील कोणाशी?"

मग मुद्द्यावर आला. आमचा जिल्हा तोडून दोन करायचं विधेयक त्याचं, विरोध माझा. "मी असा पडलेला. जोडी बांधतोस?" म्हणजे तो मत देणार नाही, मीही नाही. सिनेटातली जुनी रीत — कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता हातात हात.

दिला. आपल्या बाजूची डोकी न मोजता!

४ फेब्रुवारी

बर्फ. सभागृह बंद. खिडकीशी बसून राहिलो.

या माळावर नवे आलो तेव्हा पहिलं कोर्ट दारूच्या गुत्त्यात भरलं. ज्युरीला विचार करायला गवताच्या माळ्यावर चढवलं, तर सगळे घोरायला लागले! मी आणि क्विगली एकाच घोडागाडीतून गावोगाव खटले लढायचो. दिवसा एकमेकांना खोटारडा म्हणायचं, रात्री एकाच घोंगडीत झोपायचं. दोघांत कायद्याचं पुस्तक एक. त्यातलं गैरसोयीचं पान फाडून त्याने चिरूट पेटवला, आणि न्यायाधीशाला म्हणाला, "असा कायदाच नाही, साहेब. हवं तर पुस्तक बघा."

काय हसलो होतो! म्हणजे — खटला हरल्यावर, जरा वेळाने.

७ फेब्रुवारी

आमच्या पक्षाचा म्होरक्या बर्डिक सकाळीच धडकला. "आपला हॅन्सन फुटला! तुम्ही मत दिलंत तर बरोबरी होते, विधेयक पडतं. नाही तर गेला अर्धा जिल्हा, आणि आपल्या गावचं, एल्म फोर्कचं कोर्टही."

"शब्द दिलाय."

"त्या क्विगलीला?"

"त्यालाच."

"अहो म्हातारबुवा, गावाने निवडून दिलंय तुम्हाला! परत कोणत्या तोंडाने जाणार?"

शाळेत पाठ केलेली कविता म्हणून दाखवली — शब्दाखातर बर्फात उभा राहून गोठलेला पहारेकरी. दुसऱ्या कडव्यालाच बर्डिक टोपी घालून चालता झाला.

संध्याकाळी क्विगलीला ऐकवली. "गाढव होता तुझा पहारेकरी," खोकत म्हणाला. "आत जाऊन शेकायचं की!" मग हळूच — "तू नाही ना जाणार शेकायला?"

९ फेब्रुवारी

मतदान. माझं नाव पुकारलं. "जोडी बांधलीय," एवढंच म्हणालो. विधेयक एका मताने पास.

गॅलरीतून आमच्याच गावचा लोहार ओरडला, "टॉलिव्हर, आता इकडेच राहा! गावात पाय ठेवू नकोस!"

जेवलो नाही.

१२ फेब्रुवारी

क्विगली पहाटे गेला. नव्या जिल्ह्याला नाव द्यायचा मान विधेयक मांडणाऱ्याचा. तो जाण्याआधी नाव सांगून गेलाय, जेमायमा म्हणाली.

टॉलिव्हर जिल्हा!

लबाड कुठला. आता भांडू कोणाशी?